कापसाच्या खोलीतला अल्बम

लक्ष्मीपुरीत धान्याच्या आडती संपतात त्या बोळात बाबालाल नदाफ यांचा गादी कारखाना आहे. कारखाना म्हणजे खाली दुकान, दुकानाच्या पाठीमागं कापूस पिंजायचं मशीन, आणि लाकडी जिन्यानं वर गेलं की कापसाची खोली. बाबालालचा मुलगा अझीम हे सगळं चालवतो. चाळिशी ओलांडलेला, उंच, खांद्यात जरा वाकलेला माणूस. दाढीत, भुवयांत कायम कापसाचे तंतू अडकलेले, त्यामुळं वयापेक्षा म्हातारा दिसतो. हा गिटार वाजवतो हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण काय वाजवतो हे सांगायची वेळ आली की घोळ होतो.

"सिनेमातली गाणी काय?" एखादं गिऱ्हाईक गादीवर हात फिरवत विचारतं.

"न्हाई ओ. रॉक."

"म्हंजी इंग्लिश."

"न्हाई, मराठी. सोताचीच गाणी हायत."

"मग त्याला रॉक कशापायी म्हणायचं?"

इथवर आलं की अझीम वाद सोडून देतो आणि विचारतो, "कापसाची देऊ का फोमची?"

कॉलेजात असताना त्याचा एक बँड होता. गिटार आणि गळा अझीमचा, ड्रम्सवर ऋतुराज. ऋतुराजच्या घरची शिरोलीला फौंड्री. पोरगा भट्टीच्या आवाजात वाढलेला, त्यामुळं ड्रम्स वाजवताना त्याला कुणी हळू म्हटलेलं कळायचंच नाही. गॅदरिंग, गणपतीतले मंडप, सांगलीची एक स्पर्धा असं करत करत दोघं पुण्याला पोचले. तिथं एका स्टुडिओवाल्यानं त्यांना राहा म्हटलं. काम देतो, शिकवतो, तुमची गाणीही करू. अझीम राहिलाही. पण त्याच पावसाळ्यात पिंजायच्या मशीनमध्ये बाबालालच्या उजव्या हाताची बोटं सापडली. दुकान बघायला दुसरं कुणी नव्हतं. अझीम बॅग घेऊन परत आला तेव्हा दुकानाची पाटी नवी रंगवून झाली होती. 'बाबालाल नदाफ अँड सन, गादी कारखाना.' त्यावर तो काही बोलला नाही. अब्बांच्या हाताला पट्टी होती आणि लग्नसराईच्या ऑर्डरी पडून होत्या.

पुढं त्याचं लग्न झालं. कुरुंदवाडची शबनूर घरात आली. तिनं गाद्यांच्या खोळी शिवायचं मशीन हातात घेतलं आणि दुकानाचा अर्धा भार उचलला. ऋतुराज फौंड्रीत बसायला लागला. बँड कधी मोडला असं काही झालं नाही; नुसतं कुणी विचारेनासं झालं. अझीमची गाणी मात्र थांबली नाहीत. गादीला टाके घालताना, टेम्पोत माल भरताना ओळी सुचायच्या आणि त्या तो तोंडातल्या तोंडात घोळवत राहायचा. शबनूरला वाटायचं, नवरा हिशेब करतोय.

वरच्या खोलीचा शोध त्याला योगायोगानं लागला. एकदा दिवाळीआधी माल भरपूर आला होता. भिंतींना लागून छतापर्यंत कापसाचे गठ्ठे रचले होते. खाली कुणाला तरी बोलवायचं म्हणून त्यानं टाळी वाजवली, आणि टाळी तिथल्या तिथं विरून गेली. घुमली नाही, परतून आली नाही. त्यानं पुन्हा वाजवली. मग एक ओळ मोठ्यानं गाऊन बघितली. पुण्याच्या स्टुडिओत भिंतींना महागडं कापड आणि लाकूड लावून जी शांतता आणली होती, ती इथं अब्बांच्या मालानं फुकट करून ठेवली होती.

त्यानं ऋतुराजला फोन केला. "तुझे ड्रम कुठं हायत?"

"माळ्यावर. का?"

"काढ."

सोमवारी फौंड्री बंद असायची, अझीमनंही दुकानाची सुट्टी सोमवारी केली. एरवी खालचं पिंजायचं मशीन चालू असलं की गिटारच्या आवाजात बारीक घूं-घूं यायची, म्हणून रेकॉर्डिंग फक्त सोमवारी. गठ्ठे सरकवून मधे जागा केली. एक कॉम्प्युटर, माईक, वायरींचं जाळं. कापसाचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे तो सगळीकडं शिरतो. गिटारच्या तारांखाली साठायचा, माईकच्या जाळीवर बसायचा. शबनूरनं मलमलच्या कापडाच्या छोट्या खोळी शिवून दिल्या, त्या माईकला घातल्या. ऋतुराज ते बघून म्हणाला, "वहिनी, माईकला टोपडं शिवलं की तुमी."

आठ गाणी होती. इचलकरंजीला अझीमच्या मामाच्या शेडात माग चालायचे. लहानपणी सुट्टीत तो तिथं झोपायचा. मागांच्या त्या खटक्याच्या ठेक्यावर एक गाणं होतं, तिसऱ्या पाळीच्या कामगारांचं. एक महापुराचं होतं. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं त्या साली नदाफांच्या दुकानातला निम्मा माल भिजून गेला होता, पण गाण्यात रडारड नव्हती:

*पाणी आलं दारात, म्हणालं, पावणं हाय*
*न इचारता आत शिरलं, धुतलं न्हाईत पाय*

आणि एक गाणं पाटीचं होतं. 'अँड सन' हेच त्याचं नाव. ते अझीमनं कितीतरी वर्षांपूर्वी लिहिलं होतं आणि ऋतुराजखेरीज कुणाला ऐकवलं नव्हतं:

*पाटी नवी रंगली, माझं नाव कुठं न्हाय*
*'अँड सन' म्हणून दारात टांगलेला हाय*

ते तो सगळ्यात जोरात गायचा. वर, दार लावून, हेडफोन घालून. खाली दुकानात बसलेल्या बाबालालना ड्रम्सची धडधड तेवढी कळायची. गिटारचा खरा आवाज आणि शब्द वायरीतून थेट कॉम्प्युटरमध्ये जायचे. अझीमचा गळा कापसात मुरून जायचा.

दोन वर्षं असंच चाललं. लग्नसराईत महिनेच्या महिने काही व्हायचं नाही. अझीमचा हट्ट असा की सगळं आपणच करायचं. गिटार आपली, बास आपली, गळा आपला, आणि नंतरचं मिक्सिंगही आपलंच. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळे वाजवलेले आवाज एकत्र आणून कुणाला पुढं आणायचं, कुणाला मागं ढकलायचं, कोण डावीकडून ऐकू येईल, कोण उजवीकडून, हे ठरवणं. ऋतुराज मागं लागायचा की झालंय तेवढं ऐकव की. अझीम म्हणायचा, "पुरं झाल्यावर. अर्धी गादी कोण दावतं का गिऱ्हाइकाला?"

शेवटी पुराचं गाणं गायचं तेवढं राहिलं. वाजवून सगळं झालं होतं.

त्याच सुमाराला एका सकाळी दुकानात फोन वाजला. अझीमनं सवयीनं डाव्या कानाला लावला. पलीकडून काहीच नाही. "हॅलो, आवाज येत न्हाई," म्हणून ठेवून दिला. पुन्हा वाजला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हातातली सुतळी बाजूला ठेवताना फोन उजव्या हातात आला, उजव्या कानाला लागला, आणि पलीकडचा माणूस स्पष्ट ऐकू आला. तो चांगलाच वैतागलेला होता. अझीमनं ऑर्डर ऐकून घेतली. मग फोन परत डाव्या कानाला लावला. माणूस गेला. उजव्याला लावला. माणूस होता.

त्याला वाटलं कापूस गेला असेल कानात. जाईल आपसूक. तो कुणाला बोलला नाही. कानात शिट्टीसारखा एक बारीक आवाज सुरू झाला, तोही जाईल म्हणाला. रात्री तो उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत दाबून झोपायला लागला, कारण तसं झोपलं की जग बंद व्हायचं आणि नुसती शिट्टी उरायची. तिची तरी सवय करून घेता येईल असं त्याला वाटत होतं. शबनूर पाठीमागून हाका मारायची आणि हा हलायचा नाही.

"रागावलाय काय माझ्यावर?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग हाक मारली की ओ का देत न्हाईसा?"

तेव्हा त्यानं सांगितलं. शबनूरनं मशीनवरची खोळ तशीच सोडली आणि त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनंही दिली. कानाची नस अचानक अशी बसते, का बसते ते बऱ्याचदा कळत नाही, असं सांगितलं. लगेच आला असतात तर बरं झालं असतं, असंही म्हणाले. उपचारानं थोडं परतलं. ढगाचा गडगडाट, ट्रकचा भोंगा डाव्या कानाला कळायला लागला. माणसाचं बोलणं परत आलं नाही.

परत येताना रिक्षात शबनूर काहीतरी म्हणाली. ती डावीकडं बसली होती. अझीमनं मान हलवली. तिला कळलं की त्याला ऐकू आलेलं नाही, आणि तिनं ते पुन्हा सांगितलंही नाही.

त्यानंतर अझीमनं वरच्या खोलीला कुलूप लावलं.

ऋतुराज सोमवारी आला तर हा खाली उशा भरत बसलेला. "आज न्हाई," म्हणाला. पुढच्या सोमवारीही "आज न्हाई." तिसऱ्यांदा ऋतुराज उशांच्या ढिगावर बसून राहिला, उठेना. शेवटी अझीमनं सगळं सांगितलं, उशीत कापूस कोंबता कोंबता, त्याच्याकडं न बघता.

ऋतुराजनं ढिगातली एक उशी ओढून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "माझं कान घे म्हटलो असतो लेका. पर फौंड्रीनं आनि ड्रमनं त्यात कायबी शिल्लक ठेवलं न्हाई. घरात प्रेशर कुकरची शिट्टी मला ऐकू येत न्हाई, बायको बोंबलती."

अझीमला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

ऋतुराजनंच मग पुण्यातला मिक्सिंग करणारा एक जण शोधला. नव्या पिढीतला, नावाजलेला. त्याला गाणी पाठवली. आठवड्याभरानं त्याचा फोन आला. गाणी आवडली होती त्याला, मनापासून. पण त्याच्या डोक्यात एक कल्पना होती. नदाफ म्हणजे पिंजारी ना? मग आजोबांचं ते धनुष्यासारखं पिंजण असेल घरात. त्या तारेचा टणत्कार सगळ्या गाण्यांतून घालू. लोक वेडे होतील.

पिंजण होतं. माळ्यावर, गोणपाटात बांधलेलं. अझीमचे आजोबा ते खांद्यावर टाकून पार कागलपर्यंत दारोदार फिरले होते.

"आज्जाला इचारलं असतं तर ते म्हटले असते, ह्यो आवाज पुन्ना ऐकवू नका," अझीम म्हणाला. "आमचं पोट हुतं ते. वाद्य न्हवतं." माणूस भला होता, त्यानं आग्रह केला नाही. पण काम तिथंच थांबलं.

कुलूप उघडलं ते शबनूरनं. तिला गाण्यांचं कौतुक होतं अशातला भाग नाही. रॉक तिला आवडतच नव्हतं. डोकं उठतं म्हणायची. पण नवरा दिवसभर गप्प आणि रात्री भिंतीकडं तोंड करून, हे तिला बघवेना. एका सोमवारी तिनं गल्ल्यातून किल्ली घेतली आणि वर जाऊन गठ्ठ्यावर बसली. अझीम मागोमाग आला.

"तुमी सांगा काय ऐकायचं, मी ऐकते," ती म्हणाली. "डावीकडं काय वाजतंय, उजवीकडं काय वाजतंय, ते सांगायला काय शिकावं लागतं काय?"

पहिले काही सोमवार भांडणात गेले. तिच्याकडं त्या धंद्यातले शब्द नव्हते, आणि अझीमला दुसऱ्याच्या कानावर विसंबायची सवय नव्हती. ती म्हणायची, "हिकडचं लई चावतंय." तो विचारायचा, काय चावतंय, झांज का गिटार? तिला ते सांगता यायचं नाही. एकदा तिनं त्याचा गळा एवढा वर आणायला लावला की बाकी सगळं गायब झालं. अझीम भडकला. ती शांतपणे म्हणाली, "तुमी काय म्हणालाय ते मला ऐकायचं हुतं. इतकी वर्सं तुमी पुटपुटताय, मला वाटलं हिशेब करालाय."

हेडफोननं काम भागेना. दोघांना एकदम ऐकायचं तर स्पीकर हवे. ऋतुराजनं त्याच्या घरचे दोन आणून दिले. ते गठ्ठ्यांवर ठेवले, कापसाच्या उकाड्यात जीव गुदमरायला लागला म्हणून दार उघडं टाकलं, आणि 'अँड सन' लावलं.

बाबालाल सोमवारीही दुकानात येऊन बसायचे. सुट्टी असली तरी. शटर अर्धं वर करायचं, खुर्ची टाकायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं. त्या दिवशी गाणं संपलं आणि जिन्यावर त्यांची चप्पल वाजली. सत्तरी पार केलेला माणूस, सावकाश एकेक पायरी चढत आला. दारात टेकून उभा राहिला.

"परत लाव," ते म्हणाले.

अझीमनं शबनूरकडं बघितलं. तिनंही आत्ताच पहिल्यांदा या गाण्याचे शब्द नीट ऐकले होते; ती खाली बघत होती.

"अब्बा, ते लई जुनं हाय."

"लाव की."

त्यानं लावलं. बाबालाल गठ्ठ्यावर बसले, बोटं तुटलेला हात मांडीवर ठेवून, मान जराशी तिरकी करून. गाण्यात राग होता. वीस-बावीस वर्षांच्या पोराचा राग चाळिशीच्या माणसानं गायलेला. पाटीचं कडवं दोनदा येत होतं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा अझीमला वाटलं बटण दाबावं. पण शबनूरनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

गाणं संपल्यावर बाबालालनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

"पाटीवर जागाच न्हवती," ते म्हणाले. "माझंच नाव केवढं लांब. रंगारी म्हणाला, चाचा, एकतर पोराचं नाव घाला, न्हाईतर गादी कारखाना लिवा. मी म्हटलो, गादी कारखाना न्हाई लिवलं तर गिऱ्हाईक कसं यायचं?"

"मला इचारलं न्हाईसा," अझीम म्हणाला. हे तो पहिल्यांदाच बोलत होता.

"तू पुण्यात हुतास."

"फोन हुता की."

वर पंखा नव्हता. तिघांनाही घाम फुटला होता. रुमालाची घडी घालत बाबालाल म्हणाले, "व्हय. फोन हुता."

अझीमला आणखी काही म्हणायचं होतं, पण ते काय हे त्याला आता सापडेना. तो म्हणाला, "काढून टाकतो ते गाणं. सात ऱ्हातील."

"का काढतोस? माझं नाव हाय का त्यात?"

"न्हाई."

"मग आसंल कुणाचाबी बाप." बाबालाल उठले, भिंतीला धरून दाराकडं गेले. तिथं थांबून म्हणाले, "ते डावं-उजवं काय बोलालाय दोघं सकाळधरनं? मला खाली एकाच जागेवरनं ऐकू येतंय. जिन्यातनं. आनि चांगलं येतंय."

ते खाली गेले. मग अझीम शबनूरला म्हणाला, गाणं पुन्हा लाव, आणि जिना उतरून खाली आला. अब्बांच्या खुर्चीच्या बाजूला, नव्या गाद्यांच्या थप्पीवर बसला.

वरून गाणं आलं. जिन्याच्या त्या एका भोकातून ड्रम्स, बास, गिटार आणि त्याचा स्वतःचा गळा, सगळे एकमेकांना चिकटून, दाटीवाटीनं खाली येत होते. कोण डावा, कोण उजवा काही नव्हतं. उजव्या कानाला पुरेपूर ऐकू येत होतं. अर्धं काही गळत नव्हतं. बोळातून जाणारा एक हमाल थांबून आत डोकावला आणि पुढं गेला.

संध्याकाळी त्यानं ऋतुराजला फोन केला. "सगळं मोनो करूया. दोन्ही बाजूला एकच आवाज. मला जे ऐकू येतंय तेच सगळ्यांना."

"येडा हायस काय? आजकाल कोण करतंय मोनो?"

"इचलकरंजीत मामाच्या शेडात उभं राहून सांग मला डावं कुठलं आनि उजवं कुठलं."

ऋतुराज नाही नाही म्हणत होता. पण एक गाणं तसं करून त्याला ऐकवलं, तेव्हा खुर्चीच्या हातावर त्याची बोटं वाजायला लागली. "माझं ड्रम एवढं जवळ कधी ऐकलं न्हवतं," म्हणाला. "चालतंय. कर."

तरी काम सोपं नव्हतं. शिट्टी कानात चालूच असायची, आणि तासाभरानं चांगला कानही थकायचा, तेव्हा काय कमी काय जास्त हे कळेनासं व्हायचं. थांबायचं कधी ते शबनूर ठरवायची. तिचंही सगळंच बरोबर असायचं असं नाही. मागाच्या गाण्यातली झांज तिनं एवढी खाली घ्यायला लावली की ऋतुराज आठ दिवस तिच्याशी नीट बोलला नाही, आणि शेवटी ती वर आणावीच लागली. पण ती बस म्हटली की अझीम उठायचा. हे त्याला आधी कुणी करायला लावलं असतं तर त्यानं केलं नसतं.

पुराचं गाणं गायचं राहिलं होतं ते शेवटी आलं. एका कानानं सूर धरणं वेगळंच होतं. जोर लावला की आवाज स्वतःच्याच डोक्यात भरायचा आणि सूर वर सरकायचा. त्याला कळायचं नाही, पण रेकॉर्डिंग ऐकलं की कळायचं. दोन सोमवार वाया गेले. तिसऱ्याला तो कंटाळून गठ्ठ्याला टेकून खाली बसला आणि बसल्या बसल्या, कुणाला तरी सांगावं तसं, हळू म्हणाला. *पाणी आलं दारात, म्हणालं, पावणं हाय.* ड्रम्स आणि गिटार जोरात होत्या त्या तशाच. फक्त त्यांच्या मधे एक माणूस आता ओरडत नव्हता. त्यानं तेच ठेवलं.

अल्बमचं नाव 'सरकी' ठेवलं, म्हणजे कापसातलं बी. बाबालाल म्हणाले, सरकी म्हशी खातात. अझीम म्हणाला, "खाऊ द्या की."

पावसाळा सरता सरता गाणी इंटरनेटवर चढवली. मोठा काही गाजावाजा झाला नाही. ऋतुराज बायको-पोरांना घेऊन दुकानात आला, मिसळ मागवली, गाद्यांवर बसून सगळ्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. ऋतुराजची बायको म्हणाली, चांगलं आहे, पण आवाज जरा मोठा आहे. शबनूर म्हणाली, "आता सवय झाली." कॉलेजातल्या जुन्या मित्रांचे फोन आले. पुण्याच्या त्या माणसानं सविस्तर लिहिलं. मोनो करण्याचं धाडस त्याला फार भावलं होतं. ते धाडस कशानं आलं हे अझीमनं त्याला कळवलं नाही.

एक निरोप मात्र त्यानं शबनूरला वाचून दाखवला. इचलकरंजीतल्या कुणी तरी मागावरच्या माणसानं पाठवला होता, बिहारकडचा असावा, मोडक्यातोडक्या मराठीत. त्यानं लिहिलं होतं की पाळीवर जाताना माझ्या इयरफोनचा एकच कान चालतो, बाकीच्या गाण्यात अर्धं वाजणं कुठं जातं कळत नाही, तुमच्यात सगळं आलं. शब्द सगळे समजत नाहीत. मागाचा आवाज समजला.

"आता लिवा त्याला काहीतरी," शबनूर म्हणाली. अझीमनं विचार करून नुसतं 'शुक्रिया भाई' लिहिलं. मग थोड्या वेळानं मामाच्या शेडाचा पत्ता देऊन, तुमचं काम तिथून जवळ आहे का, असंही विचारलं.

त्यानंतर बरेच दिवस त्यानं गिटारला हात लावला नाही. दुःख म्हणून नाही. लग्नसराई सुरू झाली होती. शबनूरच्या भाचीचं लग्न कुरुंदवाडला होतं, रुखवतासाठी गाद्या, उशा, लोड असं सगळं त्यांच्याकडूनच जायचं होतं. तिनं खोळींना निळी किनार लावली. बाबालालनी प्रत्येक गादी स्वतः दाबून बघितली आणि दोन परत भरायला लावल्या.

माल घेऊन निघाले तेव्हा टेम्पोच्या दाराशी दोघं जरा अडखळले. गाडी अझीम चालवायचा. पण तो चालवायला बसला की शबनूर त्याच्या डाव्या हाताला येणार, म्हणजे नेमकी त्या बंद कानाच्या बाजूला, आणि कुरुंदवाडपर्यंत तिचा एक शब्दही त्याला कळणार नाही. मागच्या खेपेला तसंच झालं होतं. ती खुणा करून करून दमली होती.

शबनूरनं हात पुढं केला. "चावी द्या."

"एवढा माल हाय मागं."

"पाठीमागं गाद्याच हायत. धडकलो तरी काय हुतंय?"

बाबालाल दुकानाच्या पायरीवरून बघत होते. अझीमनं किल्ली दिली आणि पलीकडून चढून बसला. शबनूरनं ओढणी कमरेला खोचली, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला आणि टेम्पो बोळातून बाहेर काढला. आडतीसमोर पोत्यांची गाडी आडवी होती. तिनं भोंगा वाजवला, ती हलली नाही, पुन्हा वाजवला.

शिरोलीचा पूल ओलांडेपर्यंत तिचं सगळं लक्ष रस्त्याकडं होतं. मग दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि तिनं भाचीच्या नवऱ्याकडच्या माणसांबद्दल सांगायला सुरुवात केली. कोण कुठला, कोण काय करतो, कुणाला काय खपत नाही. अझीम तिच्याकडं मान वळवून ऐकत होता. हातकणंगले येईपर्यंत त्याला त्या घरातली सगळी माणसं पाठ झाली.